अल्मेडाबाईंचं एकुलतं एक पिस्तूल

अल्मेडा प्रुइट यांच्याकडे पिस्तूल एकच होतं. मंगळवारी सकाळी ते दोन ठिकाणी सापडलं.

टेक्ससमध्ये माणसाकडे दोन पिस्तुलं निघाली तर कुणी भुवई उचलत नाही. लिंडेनबर्ग गावात तर एकच असलेल्या माणसाची लोक काळजीनं चौकशी करतात, सगळं ठीक आहे ना म्हणून. पण एकच पिस्तूल एकाच वेळी दोन ठिकाणी, हे लिंडेनबर्गातही नवलच होतं.

ते नवल घेऊन अल्मेडाबाई गुरुवारी ओटिली श्टार्के यांच्या ऑफिसचा जिना चढल्या. ओटिलीबाईंचं गुप्तहेरीचं ऑफिस पशुखाद्याच्या दुकानावर होतं. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अशिलाच्या अंगाला पेंडेचा वास यायचा, आणि कोण ओटिलीबाईंकडे जाऊन आलं ते गावाला नाकानं कळायचं. अशी गुप्तता!

"बस, अल्मेडा," ओटिलीबाई म्हणाल्या. दोघी एका बाकावर शिकलेल्या. "डब, खुर्चीवरचं मांजर उठव."

"मांजर नाही उठायचं, बाई. मीच उठतो," डब हार्गिस म्हणाला आणि उठला.

डब म्हणजे देहानं गोदाम आणि मनानं लोणी. शेरीफच्या हाताखाली उभी हयात काढून निवृत्त झाला, आणि घरी बायकोनं तिसऱ्या दिवशी हाकलला म्हणून ओटिलीबाईंची गाडी चालवायला लागला. चोर त्याच्या हाती कधी लागले नाहीत. पण लागले असते तर त्यानं त्यांना जेवू घालूनच आत टाकलं असतं, असं गाव म्हणे.

"मंगळवारी सकाळी," अल्मेडाबाई सांगू लागल्या, "आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर स्टाफचं बाथरूम आहे ना, तिथे बॉइड मेब्रीला पिस्तूल सापडलं. बॉइड म्हणजे कॉलेजचा पोलीस. त्यानं मुठीवरची लाकडी पट्टी खोलली, तर आत माझ्या नावाची अक्षरं."

"पट्टी खोलायची बुद्धी त्याला कशी झाली?"

"ओरव्हिलनं ती अक्षरं बॉइडच्याच गॅरेजात बसून कोरली होती. लग्नाच्या वाढदिवसाला दिलं मला. पट्टीच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. ओरव्हिलचं प्रेम तसंच होतं, खोलून बघितल्याशिवाय दिसायचं नाही. मी बॉइडला म्हटलं, छे, माझं पिस्तूल माझ्या गाडीच्या कप्प्यात, कुलपात आहे. चला दाखवते. सगळे पार्किंगमध्ये आलो. कप्पा उघडला. तर आत पिस्तूल होतं."

"होतं?" डब म्हणाला.

"होतं! तोच रंग, तोच आकार, तीच लाकडी मूठ. बॉइडनं त्याचीही पट्टी खोलली. आत कोरं."

ओटिलीबाईंनी दोन पेकान, म्हणजे तिकडचे लांबट अक्रोड, मुठीत एकमेकांवर दाबून फोडले. विचार करताना त्यांना पेकान लागत. "नंबरावरून मालक काढायचा."

"कुठून? इथे गायीच्या कानाला बिल्ला असतो, पिस्तुलाची नोंद कुठे असते? डीन म्हणतो, दोन्ही तुमचीच, एक तुम्ही बाथरूममध्ये विसरलात. आणि विसरणं म्हणजे..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. कायदा गावाला तोंडपाठ होता. परवाना असलेल्यानं कॉलेजात पिस्तूल खुशाल आणावं, पण झाकून आणावं. दिसलं की गुन्हा. गाडीत कुलपात ठेवावं, हरकत नाही. रसायनाच्या प्रयोगशाळेत मात्र न्यायचं नाही. आणि कुणाकडे परवाना आहे, हे कॉलेजनं विचारायचंही नाही. त्यावर कॉलेजनं आपला एक नियम बसवला होता: जो कुणी पिस्तूल कुठे ठेवून विसरेल, त्याची नोकरी गेली. थोडक्यात, बाळगायला हरकत नव्हती, विसरायला होती.

"उद्या दुपारी समिती बसतेय," अल्मेडाबाई म्हणाल्या. "नोकरीचं एक असो. पण ओटिली, माझी आई तुला आठवते? शेवटी शेवटी ती इस्त्री फ्रीजमध्ये ठेवायची." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मीच नसेन ना ठेवलं? दुसरं पिस्तूल मीच घेतलं असेल आणि विसरले असेन, तर? काल रात्री मी घरातली सगळी कपाटं धुंडाळली. तिसरं सापडतंय का म्हणून."

डबनं खिडकीबाहेर पाहिलं. ओटिलीबाईंनी सोललेला पेकान मैत्रिणीच्या हातावर ठेवला.

"कप्प्यातून ते शेवटचं कधी बाहेर काढलंस?"

"मी काढतच नाही गं. रविवारी तेवढं. चर्चच्या सॉसेजच्या जेवणाला. तिथे सगळेच काढतात."

ओटिलीबाईंना हे ठाऊक नव्हतं. बटाट्याच्या कोशिंबिरीत साखर घालावी की नाही, यावरून पाद्रीणबाईंशी त्यांचा कित्येक वर्षं अबोला होता, त्यामुळे त्या जेवणाला त्या फिरकत नसत.

"मी सांगतो!" डब म्हणाला. या विषयात तो जाणकार होता. "गाड्या गायरानात लावायचं काम चर्चच्या पोरांकडे असतं. आता सोळा वर्षांच्या पोराच्या हाती गाडीची किल्ली द्यायची आणि कप्प्यात पिस्तूल ठेवायचं, बरं आहे का? म्हणून गाडीतलं काढायचं. आणि जेवणाच्या टेबलावर कमरेला पिस्तूल नको, असं पाद्रीणबाईंचं म्हणणं. मग सगळी पिस्तुलं केकच्या कपाटात. स्वयंपाकघराच्या मागे बोळ आहे ना, तिथे. बोळाला पुढे वाट नाही. कपाट, खुर्ची आणि मी. मी पहारा देतो दरवर्षी!"

"म्हणजे कुणी काय ठेवलं ते तू पाहिलंस."

"छे! मी भिंतीकडे तोंड करून बसतो."

"पाठ फिरवून पहारा?"

"मग काय टक लावून बघू? झाकून बाळगायची वस्तू, बाई. कुणाकडे काय आहे ते बघणं म्हणजे बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघण्यासारखं. रीत आहे ती. पाद्रीणबाई लाल चौकटीच्या रुमालांची चळत ठेवतात. ज्यानं त्यानं गुंडाळावं, ठेवावं, निघताना आपलं आपण उचलावं."

"आणि एखाद्यानं सगळीच उचलून नेली तर?"

डब विचारात पडला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "लिंडेनबर्गात?" तो अखेर म्हणाला.

"मी भांडी घासत होते, शेवटी निघाले," अल्मेडाबाई म्हणाल्या. "एकच पुडकं उरलं होतं. उचललं, तसंच कप्प्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी रुमाल धुवायला परत दिला."

"हं," ओटिलीबाई म्हणाल्या आणि आणखी दोन पेकान फोडले. "त्या बाथरूमच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"बॉइडकडे सगळ्याच. शिवाय आम्ही चौघं. मी, डीन रॉइस टॅकेट, रसायनाची नेल्डा कोझारेक आणि इतिहासाचा थेरॉन गिलब्रेथ."

"समितीवर कोण?"

"तेच तिघं. थेरॉन तेवढा माझ्या बाजूनं बोलतोय. समज देऊन सोडा म्हणतो."

"थेरॉन गिलब्रेथ म्हणजे कॉलेजात बंदुका नकोत म्हणून सह्या गोळा करतो, विसरणाऱ्याला माफी नको म्हणतो, तोच?"

"तोच. तीन वर्षं माझ्या मागे लागलाय. मी सही देत नाही, तरी बिचारा डूख धरत नाही."

"देवमाणूस," डब म्हणाला.

"असेल," ओटिलीबाई म्हणाल्या.

*

बॉइड मेब्रीनं त्यांना वर नेलं. त्याच्या कमरेला सरकारी पिस्तूल उघडं लटकत होतं. पोलिसाला ती मुभा असते. ते एवढं मोठं होतं, की बॉइड त्याला घेऊन चालतोय की ते बॉइडला, असा प्रश्न पडावा.

"सोमवारी संध्याकाळी मीच कुलूप लावलं, तेव्हा इथे काही नव्हतं," तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी आलो, तर हे बघा, इथे. कागदाच्या गुंडाळीच्या डब्यावर. बसलं की उजव्या हाताला येतो तो. नीट ठेवलेलं, नळीचं तोंड भिंतीकडे."

"आणि दाराला ही खुंटी आहे," ओटिलीबाई म्हणाल्या. त्यांनी आपली पर्स खुंटीला अडकवली, मग काढली. "डब, बस."

"बाई!"

"झाकणावर बस रे. कपड्यांसकट."

बॉइडनं शिस्तीत तोंड फिरवलं. डब बसला. बसता बसता त्याचा हात सवयीनं कमरेकडे गेला.

"पुरे, ऊठ," ओटिलीबाई म्हणाल्या.

"झालं? काय कळलं?"

"तू पँट घालतोस आणि अल्मेडा झगा घालते."

डबला हे आधीच ठाऊक होतं. पण बाई एवढ्या समाधानानं म्हणाल्या, की त्यानं मान डोलावली.

डीन रॉइस टॅकेट यांच्या खोलीत भिंतभर हरणांची डोकी होती. डीन त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेले दिसत होते.

"विश्वस्त माझ्या डोक्यावर बसलेत," ते म्हणाले. "अल्मेडाबाई भल्या आहेत हो, पण नियम! आणि मला कायद्यानं कुणाला विचारताही येत नाही, तुझ्याकडे आहे का म्हणून."

"तुम्हाला नाही, मला येतं. उत्तर द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्याकडे आहे?"

डीन एकदम खुलले. बरीच वर्षं कुणीतरी हे विचारावं म्हणून ते वाटच पाहत असावेत. त्यांनी खुर्ची मागे सारली, पाय टेबलावर टाकला आणि पँट वर ओढू लागले. "घोट्याला! बुटात! आजोबांपासून आमच्या घरात..."

"झाका, डीनसाहेब. दिसलं की गुन्हा."

डीननी घाईघाईनं पँट खाली केली.

"रविवारी चर्चमध्ये कपाटात ठेवलं होतंत?"

"बूट काढून जेवायला बसू? ते पायातच होतं." डीन खाली वाकून कुजबुजले, "पाद्रीणबाईंना सांगू नका."

"आमची बोलाचाली नाही," ओटिलीबाई म्हणाल्या.

*

नेल्डा कोझारेक प्रयोगशाळेत होत्या. दारावर मोठ्या ठसठशीत अक्षरांत, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, आत पिस्तूल आणू नये अशी पाटी होती. पाटी दिसताच डब थबकला, कोपरानं कमर चाचपली, आणि "आलोच" म्हणत उन्हातून गाडीपर्यंत गेला, पिस्तूल सीटखाली सारून घाम पुसत रिकाम्या कमरेनं परत आला.

"या पाटीपायी निम्मं कॉलेज रोज एवढी पायपीट करतं," नेल्डाबाई हसून म्हणाल्या. "माझं पर्समध्ये असतं. इथला तास सुटेपर्यंत पर्स गाडीत. एरवी खांद्यावर. बाथरूमला गेले तर खुंटीवर. आता मी विसरले, तर काय विसरेन सांगा? पर्स! चष्मा, पाकीट, लेकाचे फोटो, सगळं एकदम. पर्समधून नुसतं पिस्तूल काढून मी कशाला कुठे ठेवीन?"

"रविवारच्या जेवणाला होतात?"

"आम्ही कॅथलिक, ते चर्च आमचं नव्हे. पण सॉसेजला धर्म नसतो. कपाटात माझं पुडकं मी नेमकं उचललं. माझी मूठ गुलाबी आहे, रुमालाची गाठ जरा सोडली की दिसते. नवऱ्यानं आणलं. म्हटलं, पिस्तूल आणतोस की वाढदिवसाचा केक?"

तेवढ्यात दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ दिसले. सप्टेंबरच्या त्या भाजणाऱ्या उन्हातही अंगात ढगळ जाकीट. पाटीपाशी येताच ते थबकले. कोपर कमरेला लागलं, अर्धं अंग पार्किंगकडे वळलं. मग काहीतरी आठवल्यासारखे ते पुन्हा फिरले आणि आत आले. डबला त्यांची दया आली. कमरेचं दुखणं त्यालाही होतं.

"थेरॉन गिलब्रेथ," त्यांनी ओळख करून दिली. "श्टार्केबाई, अल्मेडाला सोडवा हो. एक चूक झाली असेल बाईंची. त्यासाठी एवढी वर्षं मातीत घालायची?" मग डबकडे वळून डोळे मिचकावले. "काय डब! रविवारी भिंतीकडे तोंड करून बसला होतास ते! मला वाटलं, मास्तरांनी शिक्षा केली की काय."

डब खो खो हसला. "शिक्षाच की! मागून सॉसेजचा वास आणि पुढ्यात भिंत!"

"प्राध्यापक," ओटिलीबाई म्हणाल्या, "तुमच्या अर्जाचं पहिलं वाक्य काय आहे?"

गिलब्रेथ यांनी ते न बघता म्हटलं, मुलं पाढे म्हणतात तसं. "'माणूस विसरतो. छत्री विसरतो, चष्मा विसरतो, पिस्तूलही विसरेल. आणि कॉलेजात ते ज्याच्या हाती लागेल तो विशीचासुद्धा नसेल.'"

"चांगलं आहे. आणि तुमच्याकडे पिस्तूल आहे?"

"बाई," गिलब्रेथ म्हणाले, "तीन वर्षं मी कशाच्या सह्या गोळा करतोय?"

"ते विचारलं नव्हतं मी," ओटिलीबाई म्हणाल्या. पण त्या इतक्या गोड म्हणाल्या, की ते कुणाला लागलं नाही.

बेकरीत कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, खाताना डबनं आपला निकाल दिला. "डीन. पाय उचलतो कसा बघितलंत? कधीतरी घसरून पडलं असणार."

"घोट्याचं पिस्तूल पडेल तर जमिनीवर पडेल, डब. डब्यावर चढून बसणार नाही."

"मग नेल्डाबाई?"

"गुलाबी मुठीचं पिस्तूल कोण बदलून नेईल?"

"मग उरलं कोण?" डबनं बोटं मोजली, दोनदा. "कुणीच नाही! म्हणजे बिचाऱ्या अल्मेडाबाईच की हो."

ओटिलीबाईंनी त्याचा उरलेला कोलाचे उचलून खाल्ला. मग काउंटरवरचा फोन मागून घेतला आणि डीनना विनंती केली, उद्याची बैठक प्रयोगशाळेत घ्या, तिथला एसी चांगला आहे. दुसरा फोन त्यांनी बॉइडला केला. तो त्यांनी तोंडावर हात धरून केला, त्यामुळे बेकरीतल्या सगळ्यांनी कान टवकारले, पण हाती काही लागलं नाही.

*

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेच्या दारात नेहमीची वर्दळ झाली. डीन बूट रिकामा करायला गाडीपर्यंत जाऊन आले. नेल्डाबाईंची पर्स आधीच गाडीत होती. डब पुन्हा घाम पुसत आला. गिलब्रेथ तेवढे सरळ आत शिरले. अल्मेडाबाई कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसल्या, हात मांडीवर, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारख्या.

बॉइड मेब्री पाटीच्या पलीकडे, व्हरांड्यात उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत लाल चौकटीच्या रुमालाची दोन पुडकी होती.

"ते काय?" डीननी विचारलं.

"प्रयोग," ओटिलीबाई म्हणाल्या. "डीनसाहेब, बॉइडनं दोन्ही पिस्तुलं गुंडाळली आहेत. बाहेर जाऊन बघा आणि सांगा, अल्मेडाचं कुठलं."

डीन गेले. पुडकी हातांत तोलली, इकडून बघितली, तिकडून बघितली. "कसं सांगणार?"

"अल्मेडालाही रविवारी सांगता आलं नसतं. तिनं उरलेलं उचललं. म्हणजे तिच्या आधी कुणीतरी तिचं उचलून गेलं, आपलं समजून. चोरी नाही, कट नाही. दोन सारखी पुडकी, दोन सारखी पिस्तुलं, आणि पहारेकरी भिंतीकडे बघत."

"रीत आहे ती," डब पुटपुटला.

"चांगली रीत आहे. तिच्यावरच सगळं उलगडलं." ओटिलीबाईंनी खिशातून पेकान काढले, पाटीकडे पाहिलं, पेकानला मनाई नसल्याची खात्री केली. "आता बाथरूम. पिस्तूल कागदाच्या डब्यावर होतं. तिथे कोण ठेवतो? पर्सवाली पर्स खुंटीला लावते. बुटातलं बुटात राहतं. अल्मेडा तर ते गाडीतून काढतच नाही. डब्यावर ठेवावं लागतं ते एकाच माणसाला. ज्याचं पिस्तूल पट्ट्याला असतं, आणि पट्टा सोडला की ते खाली घसरतं. काल डबला बसवलं, तर त्याचा हात आपसूक तिकडेच गेला."

डबनं आपल्या हाताकडे पाहिलं, जणू त्यानं चुगली केली होती.

"म्हणजे किल्ली असलेला, पट्ट्याला पिस्तूल लावणारा, आणि रविवारी कपाटापाशी गेलेला माणूस. बॉइडचं त्याच्या कमरेलाच होतं, मंगळवारीही. मग कोण? असं कुणीच नाही, डब काल म्हणाला. पट्ट्याला लावणाऱ्याला कमर झाकायला सैल कपडा लागतो, इथल्या उन्हातही. बोळाला पुढे वाट नाही. तिथे फक्त कपाट आहे, खुर्ची आहे आणि भिंतीकडे तोंड केलेला डब. मला सांगा, जेवणाला दीडशे माणसं होती, त्यांतल्या कुणाला ठाऊक असणार, की डब भिंतीकडे तोंड करून बसतो? जो पुडकं ठेवायला गेला, त्यालाच."

काल याच खोलीत झालेली डबची थट्टा नेल्डाबाईंना आठवली.

"या दारातली पाटीही बोलते," ओटिलीबाई सावकाश म्हणाल्या. "पिस्तूलवाला तिथे थबकतो, कोपरानं कमर चाचपतो आणि पार्किंगकडे वळतो. काल डबनं ते केलं. त्याच्यानंतर आणखी एकानं केलं. त्याच्या कमरेला काल काही नव्हतं, कारण त्यानं घालवलेलं पिस्तूल बॉइडच्या तिजोरीत होतं, आणि त्याचं स्वतःचं अल्मेडाच्या कप्प्यातून निघून तिथेच शेजारी पडलं होतं. पण कोपराला ते कोण सांगणार? आणि शेवटचं. जो माणूस तीन वर्षं म्हणतोय, विसरणाऱ्याला माफी नको, तो अचानक माफी मागायला लागला, तीही दुसऱ्यासाठी. चांगुलपणा असेल, म्हटलं. तोही असेलच. पण अल्मेडासाठी त्यानं सगळं मागितलं, फक्त 'तिनं केलं नाही' एवढं म्हटलं नाही."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. लिंडेनबर्गाची रीत.

थेरॉन गिलब्रेथ उठले. त्यांनी जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. पट्ट्याला उजव्या बाजूला चामड्याचं रिकामं घर होतं.

"अर्ज घेऊन फिरायला लागलो, आणि कुणीतरी पायरीवर मेलेला स्कंक टाकला, सगळ्या घरात दुर्गंधी," ते म्हणाले. "मग खिडकीवर दगड आला. मी घाबरलो. परवाना काढला. दुसऱ्या काउंटीत जाऊन, इथे कुणाला कळू नये म्हणून." ते हसायला गेले, जमलं नाही. "मंगळवारी तास घेताना आठवलं. वर धावलो, तोवर बॉइडनं नेलं होतं. म्हटलं, आता संपलं. मग कळलं, आत अल्मेडाची अक्षरं निघाली. त्या क्षणी मला बरं वाटलं. तेवढाच एक क्षण. पण मग रोज वाटत राहिलं, उद्या सांगू."

अल्मेडाबाई स्टुलावरून उतरल्या. त्या गिलब्रेथकडे नाही, ओटिलीबाईंकडे गेल्या.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"या खोलीत तेवढं एकच आहे," ओटिलीबाई म्हणाल्या.

मग अल्मेडाबाई वळल्या. "मी रात्र रात्र कपाटं उपसत होते, थेरॉन. फ्रीजसुद्धा बघितला. तुझ्याबरोबर रोज कॉफी पीत होते आणि मनात म्हणत होते, आज याचं नाव तरी आठवेल ना मला?"

गिलब्रेथ यांनी खिशातून बाथरूमची किल्ली काढली आणि डीनच्या समोर ठेवली. "नियम मीच कडक करायला लावला होता. तो लावा."

डीननी किल्लीकडे पाहिलं, हरणं इथे नाहीत म्हणून नेल्डाबाईंकडे पाहिलं, आणि होकाराची मान हलवली. तेवढ्यावर समितीचं कामकाज आटोपलं.

"आणि तो अर्ज कुठाय तुझा?" अल्मेडाबाई म्हणाल्या.

"अर्ज?"

"सह्यांचा. आण इकडे."

गिलब्रेथ यांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. अल्मेडाबाईंनी तो टेबलावर पसरला, पहिलं वाक्य शांतपणे वाचलं, आणि खाली ठळक, गोल अक्षरांत सही केली.

"तीन वर्षं तू मला मुद्दे सांगत होतास," त्या म्हणाल्या. "पुरावा एवढा जवळ आहे, ते सांगायचं नाही होय?"

गिलब्रेथ मटकन खाली बसले. ते हसत होते की रडत होते, ते डबला कळलं नाही, आणि त्यानं नीट बघितलंही नाही. अल्मेडाबाईंनी मात्र त्यांच्या खांद्यावरून न थांबता हात फिरवला आणि बाहेर जाऊन बॉइडकडून आपलं पुडकं मागितलं. घेण्याआधी त्यांनी रुमालाची गाठ सोडायला लावली, आणि पट्टी उघडून आतली अक्षरं पाहिली. बराच वेळ पाहिली. बॉइड आढ्याकडे बघत राहिला.

*

पार्किंगमधलं डांबर उन्हानं मऊ झालं होतं. डबनं गाडीच्या सीटखालचं आपलं पिस्तूल काढून कमरेला लावलं. अजून तो मान हलवत होता.

"मला काय वाटतं, बाई. माझी खुर्ची पुढल्या वर्षी उलटी करावी का? कपाटाकडे तोंड?"

"मुळीच नको. तू बघायला लागलास तर कुणी काही बोलणार नाही, आणि माझं कसं व्हायचं?"

"तेही खरंच." डब थोडा वेळ चालला. मग त्याला एकदम एक शंका आली. गेली कित्येक वर्षं त्यानं या बाईंची गाडी चालवली होती, पण ही शंका त्याला कधी आली नव्हती. प्रयोगशाळेत शिरण्याआधी काल आणि आज, दोन्ही दिवस, ओटिलीबाई आपल्या गाडीपाशी क्षणभर मागे रेंगाळल्या होत्या. पेकान विसरले म्हणून.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्याकडे पण..."

"डब," ओटिलीबाईंनी गाडीच्या कप्प्याला किल्ली लावली, "जरा तिकडे बघ."

पार्किंगला भिंत नव्हती. डबनं एक सरळ, उंच पेकानचं झाड निवडलं, त्याच्याकडे तोंड केलं, आणि हात मागे बांधून शिस्तीत उभा राहिला.